रानमोडीची राख

वैनी, तुझ्या दिवसकार्याला आलेल्या बायका तुला गरीब गाय म्हणत होत्या. सोशिक होती, कधी कोणाला उलटून बोलली नाही, असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी चुलीजवळ बसून ऐकत होते. मला वाटलं, ह्या वाट चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी आल्या आहेत. तू मला उलटून बोलली नाहीस असा एखादाच दिवस गेला असेल, तू तापाने फणफणलेली होतीस तो. आणि त्या दिवशीसुद्धा काढा कडू झाला म्हणून संध्याकाळी ऐकवलंसच. आता घरात कोणी काही ऐकवत नाही. भात गिच्च झाला तरी मुकाट खाल्ला जातो. म्हणून मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, आणि भांडण अर्धं टाकून उठायची तुझी रीत नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली मी ह्या घरात आले ती कऱ्हाडकडची, म्हणजे तुझ्या भाषेत घाटावरची. तुझे दीर लग्नाची रजा संपताच मुंबईला कामावर गेले. तुझा संदेश तिकडेच मामाकडे शिकत होता, आणि त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात उरलो आपण दोघी जावा. मागे काळ्या कातळाचा सडा, पुढे उताराने पायऱ्यापायऱ्यांनी पऱ्यापर्यंत, म्हणजे खालच्या ओढ्यापर्यंत, गेलेली भातखाचरं, मधे हे चिऱ्याचं घर. मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू. आपण दोघीच उरलो त्या पहिल्या दिवशी मी माहेरच्या वळणाने म्हटलं, "अहो जाऊबाई, तुम्ही आधी जेवून घ्या." तू मागे वळून पाहिलंस, दारात कोण पाहुणा आला म्हणून.

"तुमी कोणाला म्हणतंस गो? मी काय तलाठी हाय? तू म्हण. आणि सगली वैनी म्हणतात, तू पण वैनी म्हण."

तेव्हापासून तू. इतक्या झटक्यात मला आजवर कोणी घरचं करून घेतलेलं नाही. आभार मानायचे राहून गेले, आणि मानले असते तर तू म्हणाली असतीस, आता हिला काय हवंय बगा.

पहिल्याच आषाढात तू मला तण खायला घातलंस. अंगणातल्या खळ्याच्या कडेचा कोवळा टाकळा खुडून आणलास आणि फणसाच्या आठळ्या, ओलं खोबरं घालून भाजी केलीस. माहेरी टाकळा आम्ही उपटून बांधावर फेकायचो. मी ताटाकडे बघत बसले.

"खा गो. मेलंस तर तुज्या आवशीला मी स्वता जाऊन सांगेन, भाजी चांगली झालेली."

भाजी खरोखरच चांगली झाली होती. जेवता जेवता तू मला सांगितलंस की तणातलं काही माणसाच्या पोटात जातं, काही गुरांच्या, आणि जे कोणाच्याच पोटात जात नाही ते चुलीत जातं. ह्यापलीकडे तणाची जातच तुझ्याकडे नव्हती. जगात फुकट जाणारं काही असतं हे तुला पटायचं नाही. फुटक्या घागरीत तू ओवा लावायचीस, मोडक्या सुपाखाली कोंबडीला अंड्यावर बसवायचीस.

आणि मी आले होते ती तणाशी उभं वैर धरून. आमच्या माहेरच्या मळ्यात गाजर गवत शिरलं होतं. पाणी तेच, शेणखत तेच, पण जिथे ते दाट माजायचं तिथली वांगी खुरटायची, मिरचीची फुलं गळायची, पेरलेलं अर्धं उगवायचंच नाही. हे नुसती जागा खात नाही, मातीत विष सोडतं, असं वडील म्हणायचे. आई ते हाताने उपटायची. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठायचं, डोळे सुजायचे, आणि खाजेने ती बसल्या जागी तळमळायची. आईचे ते हात मी पाहिलेत, म्हणून कोणी तणाचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं.

ते तू एकदा एस.टी.च्या थांब्यावर पाहिलंसच. आपण बाजाराला निघालो होतो. थांब्यामागे कोणाचं तरी बांधकाम चाललं होतं, घाटावरून आलेल्या सामानाचा ढीग पडलेला, आणि त्याच्या कडेला मला ती पांढरी बारीक फुलं दिसली. मी हाताला पदर गुंडाळला आणि धावले. गाडी आली, कंडक्टर घंटी मारतोय, माणसं खिडकीतून बघतायत, आणि मी उकिडवी बसून गाजर गवत उपटतेय.

"गो ए! बाजाराला जायचंय आपल्याला, बेणायला नाय!" तू ओरडलीस.

"वैनी, हे एकदा इथं रुजलं तर तुझ्या खळ्यापत्तूर माजंल. मग कर भाजी कशाची करायची ती."

तू पिशवी खाली टाकलीस, ठेवणीतलं लुगडं खोचलंस आणि माझ्याशेजारी बसलीस. गाडी निघून गेली. घरापर्यंत चालत येताना तू सबंध वाट मला बोललीस, की आता वाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पण पुढच्या बाजाराला थांब्यावर पोचताच बांधकामाच्या कडेला पहिली तूच डोकावलीस. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्या जागेवर टाकळा असा दाट उठला की गाजर गवताचं एक पान दिसेना. तू मला हाताला धरून तिथे नेलंस. "बगितलंस? माज्या टाकल्यानं तुज्या गवताला बसायला जागा नाय ठेवली." तुझं खरं होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

पण आपलं खरं भांडण रानमोडीवरून.

तिला तू सटवी म्हणायचीस. माणसापेक्षा उंच झुडूप, पान चुरगाळलं की डोक्यात जाणारा उग्र वास, आणि गुरं तोंड लावत नाहीत. सड्यावर ती होती, वाटेच्या दोन्ही अंगांना होती, आणि जे मुंबईला गेले त्यांच्या शेतात तर राज्यच तिचं. जमीन एक वर्ष पडीक राहिली की गवत, दुसऱ्या वर्षी रानमोडी, आणि तिसऱ्या वर्षी मालकाला स्वतःचा बांध सापडायचा नाही. तिच्या बुडाशी दुसरं काही म्हणून उगवायचं नाही. आपल्या डाव्या बाजूची खाचरं अशीच गेली होती, उजव्या बाजूची जायच्या बेतात होती. मधे आपल्या दोघींचा मळा होता, आणि तो पडू द्यायचा नाही एवढ्या एका गोष्टीवर आपलं कधी भांडण झालं नाही.

मळा उभा राहायचा तर आधी तरवा हवा. भाताच्या रोपाला तरवा म्हणतात हे मी तुझ्याकडूनच शिकले, आणि भाजावळ हा शब्दही. पाऊस लागायच्या आधी तरव्याच्या वाफ्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, वरून बारीक मातीचा थर, आणि वारा जिकडे जातो त्या टोकाकडून विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत नाही, धुमसत मागे मागे सरकते. वाफा भाजून निघाला की तणाचं बी मरतं आणि रोपाला राखेचं बळ मिळतं. माझ्या लेखी हा सगळा अडाणीपणा होता. शेत कोणी जाळतं का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "घाटावर काय पोळी न भाजता खातात?" त्या वर्षीचा आपला तरवा मी विसरणार नाही. हात फिरवला तर ओला मखमलीचा तुकडा फिरल्यासारखा वाटायचा. वाडीतल्या बायका खास बघायला यायच्या आणि तू कामात असल्याचं नाटक करायचीस.

मग कवळ कमी पडायला लागली. भावकीने त्यांच्या वाट्याचे ऐन आणि किंजळ तोडून टाकले. आपल्या वाट्याची झाडं उंच, आणि त्यांवर चढणारं माणूस वाडीत उरलं नव्हतं. तू स्वतः चढायला निघालीस तेव्हा मी तुझा पाय धरून बसले होते, आठवतं? कवळ नाही तर भाजावळ नाही, भाजावळ नाही तर वाफ्यात तरव्याच्या आधी तण वर येतं, आणि दोन बायकांनी बेणून बेणून किती बेणायचं. दोन हजार एक साली तू एकदम म्हणालीस, "ही सटवी एवढी वाढलीय. हिलाच तोडू नि जाळू."

"वैनी, तिच्यात विष आहे. गुरं तोंड लावत न्हाईत ते उगाच?"

"गुरं तर चुलीतलं लाकूड पण खात नायत."

माझ्या होकाराची वाट न बघता तू कोयता घेऊन निघालीस. उशीर झाला होता, म्हणून ओलीच रानमोडी तोडून वाफ्यावर अंथरली. चार दिवस वाळू दे म्हणालो, तेवढ्यात वळीव कोसळला. विस्तव लावला तर नुसता धूर झाला आणि विझला. ढीग तसाच भिजत, कुजत पडून राहिला, काळं पाणी मातीत मुरत राहिलं. पेरणी टळत होती. शेवटी तू वरचा कुजका गाळ बाजूला ओढलास, बाकीचं नांगरात मातीआड केलंस आणि भात फेकलंस.

ते उगवलं कसं, ते आपण दोघींनी बघितलं. विरळ, पिवळं, शेंडे करपलेले. उपटून पाहिलं तर मुळं तांबडी आणि आखूड. वाफ्याच्या वरच्या टोकाला, जिथे ढीग पोचला नव्हता, तेवढी एक हिरवी पट्टी. तू त्या पट्टीकडे पाहायचंच टाळत होतीस.

तरवा कमी पडला तर ज्याचा उरला असेल त्याच्याकडे मागायचा, आणि त्याने नाही म्हणायचं नाही, ही आपल्या वाडीची रीत. पण आजवर मागायला लोक तुझ्याकडे यायचे. त्या सकाळी तू टोपली घेऊन निघालीस आणि डोक्यावरून पदर घेतलास. तू कधी डोक्यावरून पदर घेत नव्हतीस. मी मागून येते म्हटलं तर म्हणालीस, "तू ऱ्हा घरी." सगळ्यांनी भरभरून दिलं. कोणी एक वावगा शब्द बोललं नाही, आणि तेच तुला जास्त लागलं. त्या वर्षी आपल्या मळ्यात घराघराचं भात उभं होतं. एक पिकून लवलेलं, एक पोटरीत, एक अजून हिरवंगार. कापणीला आपण दोघी वेड्यासारख्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नाचत होतो.

तू म्हणालीस, बियाणं खराब होतं, पेंढ्यात बांधलेल्या मुडीला ओल लागली. मी म्हटलं, रानमोडीचं विष. तू बियाणं, मी रानमोडी. शेवटी मी त्याच मुडीतलं उरलेलं भात घेतलं आणि दोन करवंट्यांत माती भरून पेरलं. एकीला विहिरीचं पाणी, दुसरीला रानमोडीचा पाला भिजवलेलं. बियाणं एक, माती एक. पहिलीत तरारून आलं. दुसरीतलं निम्मं वर आलंच नाही, आलं ते नखाएवढं होऊन थांबलं. मी दोन्ही करवंट्या तुझ्या नाकासमोर धरल्या. तू म्हणालीस, "करवंटीत काय शेत होतं?"

आणि दोन्ही उचलून वासरापुढे ठेवल्यास. वासराने चाटूनपुसून खाल्लं. "बग, मेला काय तो?" असं वर मलाच विचारलंस.

पूर्णगडाहून मासे घेऊन येणारी खैरुनबी आपल्या पडवीत टोपली उतरवून हे ऐकायची. तिला बांगड्यांच्या बदल्यात कुळीथ हवे असायचे आणि आपल्याला पंच हवा असायचा. तू तुझी बाजू मांडायचीस, मी माझी. ती पान जुळवत ऐकायची आणि म्हणायची, "दोगी पण खऱ्या नि दोगी पण येड्या. माजे बांगडे सुकतायत." त्याच्या पुढे खटला कधी सरकला नाही.

भांडणात मी जिंकले होते, पण जिंकून हातात काय आलं? रानमोडी नको म्हटल्यावर भाजावळीला उरला तो झाडून आणलेला पातेरा. वाफा दरवर्षी लहान होत गेला. तरवा कमी, म्हणून पऱ्याजवळचं सगळ्यात खालचं खाचर सोडलं. पुढच्या वर्षी त्याच्या वरचं. रानमोडी खालून एकेक पायरी चढत होती. संध्याकाळी तू बांधावर उभी राहून तिला शिव्या घालायचीस, "मी हाय तवर ह्या बांदाच्या आत येऊन तर बग." मला हसू यायचं. भीतीही वाटायची, ती तुला कधी सांगितली नाही. अशाच एकेक पायरीने मळा जाणार हे मला दिसत होतं, आणि तुलाही दिसत असणार.

यंदा फाल्गुनात तू सड्याकडची रानमोडी तोडायला लागलीस. भारे बांधून गोठ्याच्या आडोशाला रचलेस, वर माडाचे झाप घातलेस. मी म्हटलं, सोनं आहे का ते, एवढं झाकून ठेवायला? तू काही बोलत नाहीस म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वैशाखात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून मी कऱ्हाडला निघाले. थांब्यावर तू सोडायला आलीस. आईसाठी आमसुलं आणि फणसपोळी दिलीस आणि म्हणालीस, "बेगीन ये. तुला एक दाखवायचंय."

"काय ते आत्ताच सांग की."

"आता नाय. आल्यावर. आणि बगून झाल्यावर रडायचं नाय हां."

"कोण रडतंय ते बघू," मी खिडकीतून म्हटलं. गाडी सुटली. तू हात हलवत नव्हतीस, कमरेवर हात ठेवून उभी होतीस. हेच आपलं शेवटचं बोलणं. मला त्याचं वाईट वाटत नाही. सांभाळून राहा, जपून जा, हे कोणीही कोणाला म्हणतं.

आईच्या शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, तोही एक दिवस उशिरा. सकाळी खळं झाडता झाडता बसलीस ती उठली नाहीस. मी घाट उतरून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. संदेश मुंबईहून रात्रीतून आला होता म्हणून त्याला तरी तोंड दिसलं. मला नाही दिसलं. ह्याचा राग कोणावर काढू? तुझ्यावरच काढते. थांबायचं होतंस. दाखवायचं होतं ना मला काहीतरी?

दुसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत शेणी आणायला गेले. चिऱ्याच्या कट्ट्यावर एक टोपली पालथी घातलेली. कोंबड्यांपासून काही झाकलं असेल म्हणून उचलली. खाली तीन करवंट्या होत्या.

तिन्हींत भात पेरलेलं. पहिलीत नुसती माती, रोपं चांगली बोटभर. दुसरीत मातीवर कुजलेला रानमोडीचा पाला, आणि रोपं तीच, माझ्या ओळखीची, पिवळी, नखाएवढी. तिसरीतली माती काळी होती. मी बोटाने उकरली तर राख, आणि राखेत रानमोडीच्या काडीचा न जळलेलं एक पेर. तिच्यातली रोपं पहिलीपेक्षाही उंच होती. पाण्यावाचून सगळ्यांनीच माना टाकल्या होत्या. मी तांब्या आणायला धावले. तिन्हींना पाणी घातलं.

खैरुनबी आली ती टोपली न घेता आली होती. कट्ट्यावर बसली, करवंट्यांकडे बघून डोळे पुसायला लागली. "माला सांगितलेलान तिनं. म्हणाली, घाटावरची येऊ दे, मंग मजा बग. कोणाला बोलू नको म्हणून माज्याकडनं कबूल करून घेतलान." उठताना म्हणाली, "मी तेवाच बोललेली, दोगी पण खऱ्या."

वैनी, मला रडायचं नाही असं तू बजावलं होतंस. मी रडले. तिसऱ्या करवंटीसाठी नाही, दुसरीसाठी. तुला फक्त तिसरी दाखवायची होती तर दुसरी लावायचं कारण नव्हतं. लावली तरी उगवलेलं पाहून फेकून देता आली असती. पण तू तिला पाणी घातलंस, टोपलीखाली जपलंस. कच्च्या रानमोडीत विष आहे हे माझं म्हणणं तू आधी माझ्यासमोर मांडणार होतीस, आणि मग जळून राख झाली की ते उरत नाही हे तुझं. तीन वर्षं तू माझं ऐकून घेतलं होतंस. मला वाटायचं, मी भिंतीशी बोलतेय.

कार्य आटोपून तुझे दीर कामावर गेल्यावर संदेश म्हणाला, "काकी, यंदा ऱ्हाऊ दे. एकटी किती करशील? आईचा वाटा पडू दे एक वर्ष." पोरगा वाईट नाही, माझ्या काळजीनेच म्हणाला. मी त्याला पऱ्याजवळ घेऊन गेले आणि म्हटलं, खालच्या खाचराचा बांध दाखव. लहानपणी ह्याच बांधावर बसून तू त्याला खेकडे पकडायला शिकवलं होतंस. त्याने रानमोडीत हात घालून बराच शोध घेतला. ओरखडे घेऊन बाहेर आला तेव्हा म्हणाला, "काकी, सापडत नाय गो." मी म्हटलं, एक वर्ष पडू दे म्हणजे हे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तो पँट वर दुमडून गोठ्याजवळचे तुझे भारे वाफ्यावर नेत होता.

खडखडीत वाळले होते गं. तू फाल्गुनात का तोडलेस ते हातात घेताच कळलं. शेण पसरलं, त्यावर रानमोडी, त्यावर पातेरा, वर माती. वाऱ्याचं तोंड बघायला मी तुझ्यासारखी चिमूटभर राख उडवली, संदेशने विस्तव लावला. कुठे एक काडी अर्धी जळून बाहेर पडली की मी ती काठीने परत आत लोटत होते. एकही कच्ची राहता कामा नये, असं त्याला दहादा सांगत होते. तो खोकत खोकत म्हणाला, "काकी, तू आईसारखी बोलतंस." मी म्हटलं, मग काय तलाठ्यासारखी बोलू? त्याला काही समजलं नाही. ते समजणारं माणूस आता नाही.

वाफा विझला, निवला. संदेश जायच्या आधी नांगर धरून गेला. तुझ्या मुडीतलंच भात मी धुळीत पेरलं. तिन्ही करवंट्या कट्ट्यावर आहेत, त्यांना पाणी घालते. ह्या खेपेला वासराला देणार नाही.

आता माझं भांडण ऐक. तिसरी करवंटी मी पाहिली, पण मानली नाही. करवंटीत काय शेत होतं? हे तुझंच वाक्य आहे, तूच मला शिकवलंस. शेतात उगवेल तेव्हा मानेन. आभाळ भरून येतं आणि जातं, पाऊस अजून नाही. मी सकाळ-संध्याकाळ वाफ्यावर जाऊन उभी राहते, कमरेवर हात ठेवून. माती काळीच आहे. मखमलीसारखा तरवा उठला तर तू जिंकलीस, आणि मग सोडलेली खाचरंही मी एकेक करून परत घेईन. नाही उठला तर मी जिंकले, आणि मळा गेला. आल्या दिवसापासून मी तुझ्याशी एकही भांडण हरायला तयार नव्हते. वैनी, एवढं एक मला हरू दे.